दस्त्यावरची शिवण

चारशे वीस डॉलर, ऊनो सारेला म्हणतो
आणि रायफल जुन्या घोंगडीवर ठेवून
स्टोव्हमध्ये लाकूड सारायला वळतो,
जणू त्या आकड्याशी त्याचा काही संबंध नाही.
सुपीरियर सरोवरावरून आलेला वारा
गॅरेजचं दार धरून हलवतोय.

मी आधी तोंड बघत नाही, पोट बघते.
चालताना हात जिथे धरतो, बरोबर तिथे
निळाई उडून लोखंड उघडं पडलंय,
जुन्या नाण्यासारखं गुळगुळीत.
कुणीतरी ही भरपूर वाहिली.
झाडली किती, ते वेगळं.

खटका खाली ओढते. चांगल्या कुलपाचा आवाज.
डाव्या अंगाला इवलीशी खिडकी, आत पितळी चक्री,
किती गोळ्या उरल्या ते सांगणारी.
आत एकही नाही, तरी चक्री एकावर अडकलेली.
"तेल वाळलंय," ऊनो पाठमोराच म्हणतो.
शाळेच्या बसगाड्यांत तीस वर्षं हात काळे केलेत मी,
वाळलेलं तेल कुठलं आणि वाकलेला दात कुठला,
मला कळतं.
गप्प बसते. घासाघीस पुढे आहे.

छोटा बल्ब नळीत सोडते.
आटे दिसतात, वळत वळत जाणारे,
आणि शेवटच्या दोन इंचांत देवीचे व्रण.
नोव्हेंबरच्या ओल्या बर्फातून आणून
न पुसताच भिंतीला टेकवली असेल कुणी,
नंतर पुसू म्हणून.

मनात हिशेब मांडते.
नळी कापायची, ऐंशी. निळाई चढवायची, अडीचशे.
अक्रोडाचा नवा दस्ता तीनशेच्या खाली नाही.
ऑरिन सकाळीच म्हणाला,
भट्टीचा पंखा यंदाचा हिवाळा काढणार नाही.
आणि माझा डावा गुडघा.
देवदारांच्या दलदलीतून हरणामागे जायचे
मोसम उरले किती? आठ?
मन मोठं केलं तर दहा.
एवढ्या पैशांत नवी येते, काळ्या प्लास्टिकच्या दस्त्याची,
जिला पुसलं नाही तरी
ती बोलून दाखवत नाही.

मग दस्त्याच्या टोकाशी आडवी रेघ दिसते.
पुढचा इंचभर तुकडा किंचित फिका,
लाकडाच्या शिरा मात्र शिरांना जुळलेल्या.
"हा सांधा?"
ऊनो आता वळतो.
"हेल्वी बारा वर्षांची होती. लांब पडायची तिला.
कापला. तुकडा कॉफीच्या डब्यात टाकून ठेवला.
सोळाची झाली, तेव्हा परत चिकटवला."
"आणि आता?"
"टक्सनला असते. मांस सोडलंय."
तक्रार नाही, उद्याचं हवामान सांगावं तसं.

जाणकार म्हणेल, इथेच किंमत निम्मी झाली.
त्याचं बरोबर आहे.
नवा दस्ता बसवला तर ही
दुकानातून आज निघाल्यासारखी दिसेल
आणि चार वर्षं अंधाऱ्या डब्यात बसून
एका मुलीचे हात वाढायची वाट बघणारा तुकडा
माझ्या सरपणात जाईल.

खांद्याला लावते.
सांधा बोटाला लागतो, खांद्याला कळतही नाही.

"तीनशे चाळीस. चक्रीचा दात वाकलाय."
"ठाऊक आहे," ऊनो म्हणतो,
"तुला कळतं का, ते बघत होतो."
तीनशे पासष्टला हात मिळवतो.
घोंगडी तो फुकट देतो, वर कॉफी,
ती मात्र वाळलेल्या तेलाच्याच चवीची.

नळी कापावी लागेल, इलाज नाही.
दात मी घडवीन, पितळेचा तुकडा आहे घरी.
निळाईचं अजून ठरत नाही;
उघडं पडलेलं ते पोट झाकायला हात धजत नाही.
दस्त्याला नुसतं जवसाचं तेल, चिंधीनं, थोडं थोडं.

ट्रकमध्ये ती शेजारच्या सीटवर आहे, घोंगडीत.
पट्टा लावावा का, असं एकदा मनात येऊन गेलं.
ऑरिनला काय सांगायचं,
ते अकरा मैलांत सुचेल.
पंखाही मीच दुरुस्त करीन म्हणावं.